वांग्याचं परेज

रत्ना, तुझ्या निधनाची बातमी मीच लिहिली. दोन लहान परिच्छेदांत बसली. नाव, वय, नोकरी कुठे केली, पश्चात कोण, अंत्यसंस्कार कुठे झाले. कोणीतरी त्यात 'मनमिळाऊ' हा शब्द घातला होता, तो मी काढला. आमच्या धंद्यात तो शब्द गेलेल्या प्रत्येकाला फुकट मिळतो. तू मनमिळाऊ नव्हतीस. तू लोकांना दारात उभं करून उलटतपासणी घ्यायचीस आणि लोक तरीही तुझ्याकडेच यायचे.

तालुका तुला ज्या एका शब्दाने ओळखत होता तो त्या बातमीत आला नाही. बसतच नव्हता. म्हणून हे वेगळं लिहिते आहे. तुला उद्देशून लिहिते आहे, कारण यातला बराचसा मजकूर आपल्या भांडणाचा आहे आणि भांडणात दुसरी बाजू समोर असावी लागते.

शब्द परेज. पुस्तकात त्याला पथ्य म्हणतात. आपल्याकडे तुमसरपासून पुढे जंगलापर्यंत परेजच.

तुझ्या आरोग्य केंद्रात मी पहिल्यांदा आले ती 'एका छताखाली दोन उपचार' अशा बातमीसाठी. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा होऊन काही वर्षं झाली होती. अर्धा जिल्हा गेला आणि डॉक्टर अर्ध्याहून जास्त गेले, असं तू म्हणायचीस. एमबीबीएस डॉक्टरची खुर्ची बहुतेक वेळा रिकामी. तुझी पदवी आयुर्वेदाची. एकाच टेबलावरून तू अर्धशिशीला नाकात तूप सोडायला सांगायचीस आणि हिवतापाच्या गोळ्याही द्यायचीस. मी विचारलं, गोंधळ होत नाही का? तू म्हणालीस, "गोंधळ पेपरवाल्यायले होते. मले नाई. क्षयाले गोळ्याच. काढा मागतला त देतो, पण गोळी माया डोळ्यासमोर गिळल्यावर."

शाळेत असल्यापासून तू स्वतःबद्दल 'देतो, जातो' असंच बोलायचीस. मराठीच्या बाईंनी हात टेकले होते.

त्या दिवशी एक म्हातारी नवऱ्याला घेऊन आली होती. त्याला क्षय. गोळ्या सुरू होऊन फार दिवस झाले नव्हते. माणूस वाळून काठी झाला होता, आणि तू त्याचं वजन पाहून चिडली होतीस. वजन वाढायला हवं होतं, ते उतरलं होतं.

"खाते काय हा?"

"पेज खाते. अन् मीठ."

"अंडे सांगतले होते ना मी?"

"अंडे बंद केले. मासोळी बंद केली, गूळ बंद केला. गोळ्या खाल्ल्यापासून लघवी लाल होऊन राहिली मॅडम. गरमी झाली अंगात."

"लघवीले गोळीचा रंग येते, आई. गरमी नाई ते. कोणी सांगतलं तुले हे सगळं बंद कराले?"

"कोणी कायले सांगन? तुमी परेज सांगतलंच नाई. मंग आमीच केलं."

हे शेवटचं वाक्य मी वहीत लिहून घेतलं, कारण ते ऐकून तुझा हात थांबला होता. औषध आहे आणि परेज नाही, हे त्या म्हातारीला पटणारच नव्हतं. परेज नसलेलं औषध तिच्या लेखी अर्धवट होतं. डॉक्टरने सांगितलं नाही म्हणून राहिलेला अर्धा भाग तिने घरी तयार केला, आणि तो तयार करताना नवऱ्याच्या ताटातून जीव धरणारं जे जे होतं ते सगळं काढून घेतलं.

तू खुर्ची पुढे ओढलीस. "बरं, ऐक. आता मी सांगतो परेज. एकच हाय, पण कडक हाय. वांगं बंद."

"वांगं?"

"वांगं. भाजलेलं नाई, शिजवलेलं नाई, रस्सा बी नाई. डोस संपेपर्यंत. ज्या दिवशी गोळी, त्या दिवशी वांगं नाई. अन् गोळी त रोजच हाय. बाकी सगळं सुरू. अंडं, मासोळी, दाळ. वांग्याच्या बदल्यात दोन अंडे."

म्हातारीचा चेहरा सैल झाला. नवऱ्याकडे वळून म्हणाली, "आता कसं! म्हटलं, औषध हाय त परेज काहून नाई?"

ते गेल्यावर मी विचारलं, वांग्याने काय होतं?

"काही नाई होत."

"मग?"

"वांगं सोडल्यानं कोणी मरत नाई. अंडं सोडल्यानं मरते."

"हे खोटं आहे, रत्ना."

"हे परेज हाय," तू म्हणालीस आणि पुढच्या माणसाला आवाज दिलास.

त्यावर आपण पुष्कळ बोललो. तुझं म्हणणं असं की तुमच्या शास्त्रात पथ्याला औषधाच्या बरोबरीची जागा आहे, आणि ती उगाच नाही. ज्याला रोज ताटावर बसताना वांगं आठवतं त्याला गोळी आठवते. इंग्रजी औषधाच्या डब्यावर ही दोरी बांधलेली नसते, ती तू बांधत होतीस. माझं म्हणणं असं की शास्त्रातल्या पथ्याला कारण असतं, तुझ्या वांग्याला नाही. तू म्हणालीस, "कारण शास्त्रात नसन, माणसात हाय." मी ते वाक्य छापलं नाही. वांगंही छापलं नाही. छापलं की परेज मेलं, असं तू सांगितलं होतंस आणि ते बरोबर होतं.

आकडे माझ्याकडे नाहीत, त्यामुळे किती जण बरे झाले ते लिहीत नाही. केंद्राच्या गोळ्या घरोघर पोचवणाऱ्या आशाताई सांगायच्या की तुझ्या गावांमध्ये क्षयाची माणसं गोळ्या मध्येच टाकत नाहीत. ती पहिली म्हातारी नंतर नवऱ्याला घेऊन आली तेव्हा त्याच्या गालावर मांस होतं. तिने तुझ्यापुढे वाडीतल्या वांग्यांची तक्रार केली, झाडं लगडली होती आणि शेजाऱ्यांना वाटून संपत नव्हती. तू खूश होतीस. तू स्वतःही वांगं सोडलंस. भरीत तुझा जीव की प्राण, तरी सोडलंस. माझ्या घरी ताटातून वाटी बाजूला सारलीस. "कोणी पाहिलं खाताना त संपलं, बाई." मी म्हटलं, इथे कोण बघतंय? तू म्हणालीस, "तू पाहून राहिली ना. पेपरवालीपेक्षा वाईट कोण?"

आपल्या दोघींच्याही लक्षात एक गोष्ट आली नाही. आपल्या भागात लग्न असो, तेरवी असो, बारसं असो, पंगतीत वांग्याची भाजी असतेच. भाताआधी ती पडते. तिच्यावर पंगतीची बरीवाईट चर्चा होते. अशा पंगतीत कोणी पत्रावळीवर हात आडवा धरला की माना वळायच्या. आधी थट्टा व्हायची. "काहून बे, तुले बी मॅडमचं परेज हाय काय?" मग थट्टा राहिली नाही. 'वांगं बंद' हे क्षयाचं दुसरं नाव झालं. क्षय हा शब्द उच्चारायला लोक घाबरत होते, वांगं उच्चारायला कोणी घाबरत नव्हतं. पोरगी पाहायला आलेले लोक चहा पिता पिता विचारू लागले, "वांगं चालते ना तिले?"

हे आशाताईंनी तुला सांगितलं तेव्हा मी तिथे होते. तू हसलीस. मी म्हटलं, बदल. दुसरं काही सांग, कारलं सांग.

"कारलं तसंही कोणी खात नाई. त्याचं परेज कोण मानन?"

"मग काढूनच टाक."

"काढलं त विचारतील, आधीचं काहून होतं? मंग काय सांगू?"

आपलं त्या वेळचं बोलणं इथे संपलं.

पुढचं मी वैशालीच्या आईकडून, वैशालीच्या नवऱ्याकडून आणि आशाताईंकडून वेगवेगळं ऐकलं आहे. तिघांचं जिथे जुळतं तेवढंच लिहिते.

वैशाली नाकाडोंगरीच्या बाजूची. वडील मँगनीजच्या खाणीत होते, ती लहान असतानाच गेले. आई सुमनबाई, धानाच्या रोवणीला आणि कापणीला मजुरीने जाणारी. थंडीत वैशालीच्या गोळ्या तुझ्याकडे सुरू झाल्या. तिने एकही दिवस चुकवला नाही, असं आशाताई सांगतात. उन्हाळ्यात तिचं लग्न ठरलं, बपेऱ्याकडे. डोस अजून बाकी होता. सुमनबाईंनी पाहुण्यांना आजाराचं सांगितलं नाही. तुला ते माहीत होतं. खोकल्यातून रोग पसरायचा काळ मागे पडला आहे, हे तू तपासून पाहिलं होतंस. उरलेल्या गोळ्या तू तिच्या हातात दिल्यास आणि म्हणालीस, "लपवायचं असन त लपव. गोळी नको चुकवू."

आता परेज सुटलं, वांगं खा, असं तू तेव्हा म्हणाली नाहीस.

सासरी गेल्यावर नात्यातल्या पहिल्याच लग्नाच्या पंगतीत ती इतर सुनांबरोबर बसली. भाजी आली. तिने हात आडवा धरला. तुमसरकडची एक नातेवाईक बाई समोर होती. ती हसत म्हणाली, "का वो, वांगं नाई खात? तिकडचीच ना तू? मॅडमच्या दवाखान्याकडची?" सासू स्वतः वाढत होती. ती थांबली. बाकीच्या बायकाही थांबल्या. वैशालीने हात काढला आणि भाजी खाल्ली. सगळी खाल्ली, आणखी मागून घेतली, असं नवरा सांगतो. त्याला त्याचं तेव्हा कौतुक वाटलं होतं. बायको लाजरी नाही म्हणून.

घरी येऊन ती रडली. त्याला कारण सांगितलं नाही. त्या दिवसापासून गोळ्या बंद. परेज मोडलं, आता गोळी उलटी पडणार, अंगात विष होणार, असं तिने मनाशी धरलं होतं. कोणाला विचारावं तर आजार उघडा पडला असता. उरलेली पाकिटं सासरी धान साठवायच्या ढोलीत, तळाशी दाबलेली सापडली. ती फेकायची तिला हिंमत झाली नव्हती.

नवरा वाईट माणूस नव्हता. खोकला परत सुरू झाला तेव्हा तो तिला घेऊन औषधं करत फिरला. तिने कोणत्याच डॉक्टरला आधीचं सांगितलं नाही. धान कापणीच्या दिवसांत त्याने तिला माहेरी आणून सोडलं आणि सुमनबाईंनी तुझ्याकडे आणलं. तू एकदा पाहिलंस आणि भंडाऱ्याला पाठवलंस. निरोप मिळून नवरा परत आला होता, रुग्णवाहिकेत तिने त्याला सगळं सांगितलं. भंडाऱ्याहून ती परत आली नाही.

मी वैशालीला कधी पाहिलं नाही. तिच्या आईला पाहिलं. तेरवी झाल्यानंतर त्या तुझ्याकडे आल्या तेव्हा मी लसीकरणाच्या बातमीसाठी आले होते. ओपीडी भरलेली होती. सुमनबाई रांगेत उभ्या राहिल्या. नंबर आल्यावर टेबलाजवळ येऊन त्यांनी तुला हात जोडले.

"मॅडम, माफ करा आमाले."

तू उठून उभी राहिलीस.

"तुमी सांगतलं होतं. पोरीनं परेज मोडलं. वांगं खाल्लं तिनं, पंगतीत. तिच्यानं राहावलं नसन. तुमच्या औषधात काही दोष नाई. लोक काहीबाही बोलतील, म्हणून सांगाले आली. आमचीच चूक हाय."

खोलीत बरेच लोक होते. सगळे ऐकत होते. तू काय बोलशील ते मी पाहत होते. तू टेबलाला वळसा घालून आलीस, तिचे जोडलेले हात खाली केलेस आणि म्हणालीस, "घरी जा, सुमनबाई. जेवत जा."

एवढंच.

लोक पांगल्यावर आपण भांडलो. तितकं आपण शाळेतही भांडलो नव्हतो. मी म्हटलं, ती बाई जन्मभर पोरीला दोष देणार. पोरीला जिभेचा मोह आवरला नाही म्हणून ती मेली, असं समजणार. तू एका वाक्यात तिला मोकळं करू शकली असतीस.

"अन् बाहेरची रांग? पाहिली नाई तू? त्यातल्या कितीकायचं वांगं बंद हाय, माईत हाय तुले? परेज खोटं होतं असं आज समजलं त उद्या गोळी बी खोटी. किती मारू? एक मेली, त्याच्यावर किती मारू?"

"आणि सुमनबाई?"

"सुमनबाई..." तू म्हणालीस. मी गाडी काढली आणि तुमसरला आले.

त्यानंतर आपण बरेच महिने बोललो नाही. बातमीच्या निमित्ताने तुझ्या भागात यायचं झालं तरी मी तुझ्याकडे आले नाही. तू काय करत होतीस ते इतरांकडून कळायचं. तू नव्या कोणालाही वांगं सांगणं बंद केलंस. जुन्या रुग्णांना एकेकाला घरी जाऊन सांगितलंस की नवीन गोळ्या आल्या आहेत, त्यांना वांगं चालतं. म्हणजे एक खोटं काढायला दुसरं घातलंस. नव्यांना खरं सांगू लागलीस: परेज फक्त दारूचं, बाकी सगळं खा, एखाद दिवस गोळी राहिली तर घाबरू नका, लगेच येऊन सांगा. आणि त्या पहिल्या म्हातारीने केलं होतं तेच घरोघर पुन्हा सुरू झालं. अंडी बंद, मासोळी बंद, पेज आणि मीठ. मग तू रुग्णाबरोबर त्याच्या घरात जी कोणी रांधते तिला बोलवायला लागलीस. काल काय शिजवलं, कोणाला किती वाढलं, उरलं कोणी खाल्लं, असं विचारत बसायचीस. ओपीडी लांबत गेली. वरून विचारणा झाली की इतका वेळ का लागतो. आणि लोक म्हणू लागले की मॅडमचं औषध आता पहिल्यासारखं लागत नाही.

हे शेवटचं तूच मला सांगितलंस, आपलं बोलणं पुन्हा सुरू झालं तेव्हा. ते सुरू झालं माझ्या वडिलांमुळे. त्यांचं डावं अंग गेलं आणि मी घाबरून तुलाच फोन केला. तू फोनवर ओरडलीस, "तेल-बिल काही नको लावू, गाडीत टाक अन् नागपूर. आता!" मी टाकलं. ते वेळेत पोचले. नंतर ते घरी आले आणि तू महिनोन्‌महिने रविवारी यायचीस, त्यांच्या हाताला कोमट तेल लावायचीस, एकेक बोट उघडायचीस, त्यांच्याशी धानाच्या भावावर वाद घालायचीस. हात हलू लागला. शेजारी म्हणाले, मॅडमच्या तेलाने हलला. तू त्यांना तिथेच थांबवलंस. "नागपूरच्या इंजेक्शननं हलला. तेलानं फक्त तो हात काकायले आपला वाटून राहिला."

दोन्ही उपचार कुठे जोडायचे आणि कुठे नाही, यावर मी नंतर मोठ्या लोकांची भाषणं ऐकली, त्यांच्या बातम्या केल्या. तुझ्या त्या दोन वाक्यांपलीकडे मला त्यातून फार काही मिळालं नाही. याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले. तुला आभार आवडत नसत, आणि मला ते मानता येत नाहीत.

मग तुझं दुखणं. स्वादुपिंडाचा कर्करोग कळला तेव्हा फार पुढे गेला होता. नागपूरच्या डॉक्टरला तू पहिल्याच भेटीत स्वतः घेत असलेली एकूण एक मात्रा आणि काढा सांगितलास. त्याने त्यातलं काही बंद करायला सांगितलं, तू त्याच दिवशी बंद केलंस. तुझे रुग्ण इतक्या लांब, नागपूरला यायचे. कोणी मुळी आणायचं, कोणी अंगारा, कोणी दूरच्या वैद्याची पुडी. तू प्रत्येकाला विचारायचीस, कोणी सांगितलं, कशात असतं. मग ते उशाशी ठेवायचीस. ते गेले की मला म्हणायचीस, "टाक ते. पण इथं नको टाकू, त्यायले दिसन."

एकदा तू भरीत मागितलंस. मी करून आणलं. तू चाटल्यासारखं खात होतीस आणि नेमका एक जुना रुग्ण दारात आला, कधीकाळी तू बरा केलेला. ताटाकडे पाहून त्याचा चेहरा उतरला.

"मॅडम, वांगं? चालते तुमाले?"

"मले आता सगळंच चालते, भाऊ," तू म्हणालीस. तो रडायला लागला. तू घास खाली ठेवलास. ते भरीत पोटात राहिलंही नाही.

त्याच आठवड्यात मी सुमनबाईंचं नाव काढलं. म्हटलं, अजून वेळ आहे, मी त्यांना इथे घेऊन येते. तू भिंतीकडे तोंड केलंस आणि म्हणालीस, "तो विषय नको." मी तो पुन्हा काढला नाही. तू गेलीस तेव्हा मी असं समजून होते की आपलं भांडण तसंच राहिलं, आणि त्या बाईला खरं सांगणारं आता माझ्याशिवाय कोणी उरलं नाही.

तुझ्या पुण्यानुमोदनाला सुमनबाई आल्या होत्या. वंदना झाली, लोक तुझ्याबद्दल बोलले, मग जेवणं सुरू झाली. मी त्यांच्या शेजारी ताडपत्रीवर जाऊन बसले. काय बोलायचं ते मी घरून ठरवून आले होते. त्यांनीच आधी विचारलं, "तुमी मॅडमच्या पेपरवाल्या बाई ना?"

मी हो म्हटलं.

"मॅडम आमच्या घरी आली होती. पोटात दुखाचं सुरू झालं होतं तिले, तवा. गाडी करून आली. चालवत नव्हतं, तरी बसली चुलीपाशी."

मला हे माहीत नव्हतं. मी विचारलं, काय म्हणाली?

"म्हणे, सुमनबाई, वांग्याचा काहीच संबंध नव्हता. मीच आपल्या मनानं सांगतलं होतं. तुया पोरीची चूक नाई, माई चूक हाय. लय रडली."

"मग तुम्ही?"

"मी काय? मी समजली. किती मोठ्या मनाची बाई! सोता मराले टेकली, अन् माया पोरीचा दोष आपल्या अंगावर घेऊन राहिली. मी म्हटलं, मॅडम, असं नका बोलू. पोरीनं परेज मोडलं म्हणून ती गेली. मले माईत हाय. तुमी मले बरं वाटावं म्हणून बोलून राहिल्या."

"सुमनबाई, मॅडम खरं बोलत होत्या. खरंच काही संबंध नव्हता."

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि हलकेच थोपटला. "हाव. तुमी बी भल्या." मग म्हणाल्या, "मॅडमचं लिहा पेपरात. अन् हे बी लिहा, का लोकायनं परेज पाळलं पाहिजे. पोरीचं नाव टाका. खरं नाव. तिच्यावरून कोणी शिकलं त शिकलं."

म्हणजे तू सांगितलं होतंस, रत्ना. मला कळवलं नाहीस. भांडणात मी बरोबर होते हे तुला मान्य करायचं नसेल, किंवा बरोबर असून काही उपयोग झाला नाही हे मला कळू द्यायचं नसेल. कोणतं खरं, ते आता विचारता येत नाही. तुझ्या शब्दावर त्या बाईचा इतका विश्वास होता की तूच तो शब्द परत घ्यायला गेलीस तेव्हा तिने तो दिला नाही.

त्यांनी सांगितलं तसं मी लिहू शकत नाही. नाव खरं टाकलं आहे, आईच्या परवानगीने. बाकीचं असं आहे: वांग्याचा आणि क्षयाच्या गोळ्यांचा काही संबंध नाही, कधीच नव्हता. वांगं खाल्ल्याने गोळी वाया जात नाही, उलटी पडत नाही. कोणत्याही कारणाने गोळ्या थांबल्या असतील तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन तसं सांगावं. त्यात कोणाचा गुन्हा नाही. वैशाली परेज मोडल्यामुळे गेली नाही. ती गोळ्या थांबल्यामुळे गेली, आणि तिने काहीही चुकीचं खाल्लं नव्हतं.

तू असतीस तर हा परिच्छेद मला काढायला लावला असतास, किंवा शेवटी शेवटी कदाचित नसताही. मी तो ठेवला आहे. ज्या एका बाईसाठी तो लिहिला तिला वाचता येत नाही. त्या घरात पेपर वाचून दाखवायची ती वैशाली.